दुसरा सबवूफर कशासाठी?

न्हाणीघरात गुणगुणताना एखादा सूर अचानक भरून येतो आणि शेजारचा सूर मात्र साधाच राहतो, हे बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. पाच फूट लांबीच्या न्हाणीघरात हा सूर साधारण ११३ हर्ट्झचा, म्हणजे पुरुषाच्या खालच्या पट्टीतला असतो. ही करामत गळ्याची नाही, समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराची आहे. पंधरा फूट लांबीच्या हॉलमध्ये हेच ३७-३८ हर्ट्झला घडतं, आणि तिथे गाणारा असतो सबवूफर. होम थिएटरमध्ये दुसरा सब घ्यावा का, कुठे ठेवावा, कसा जुळवावा, या प्रश्नांची उत्तरं या भिंतींपासूनच सुरू होतात.

‘दोन सब म्हणजे दुप्पट दणका’

हा सगळ्यात जुना गैरसमज. दोन सारखे सब शेजारी-शेजारी ठेवले तर पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, हे खरं. पण नुसत्या जोरासाठी एकच मोठा सब घेता येतो. दुसऱ्या सबचं मोलाचं काम निराळं आहे: घरात बसलेल्या प्रत्येकाला सारखा खर्ज ऐकवणं.

धुण्याच्या लांबट टबात पाणी घ्या आणि एका टोकाला तळव्याने लयीत दाबत राहा. पाणी दोन्ही टोकांना आलटूनपालटून चढतं-उतरतं, मध्यावर मात्र त्याची पातळी जवळपास तशीच राहते. खोलीतला हवेचा दाब असाच हेलकावतो. १५ बाय ११ फुटांच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने हा हेलकावा ३७-३८ हर्ट्झला येतो, रुंदीच्या दिशेने ५१ हर्ट्झच्या आसपास. म्हणून मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर स्फोट घुमत राहतो आणि हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्याला तोच स्फोट पोकळ वाटतो. दोघंही एकाच सबची तक्रार करतात, एकाच्या मते तो फार वाजतो, दुसऱ्याच्या मते वाजतच नाही.

आता टबाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी, सारख्या जोराने दाबा. एक टोक वर आणि दुसरं खाली, असा हेलकावा उभाच राहत नाही. एक सब पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला की खोलीत हेच होतं. शिवाय दोन्ही सब रुंदीच्या मधोमध असल्यामुळे रुंदीचा पहिला हेलकावाही चाळवला जात नाही. त्यापुढचे हेलकावे उरतात, पण सर्वांत त्रासदायक दोन आटोक्यात येतात. हर्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी आयताकृती खोलीत किती सब पुरेसे, हा अभ्यास २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडला. चार भिंतींच्या मध्यावर चार सब ही मांडणी उत्तम ठरली, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावरचे दोन सब तिच्या बरेच जवळ पोहोचले, आणि चारांपुढे संख्या वाढवून विशेष लाभ दिसला नाही.

आपल्याकडे याचं महत्त्व अधिक आहे असं मला वाटतं. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत लाकडी चौकटीवर जिप्समच्या पातळ भिंती असतात, त्या थोड्या लवतात आणि खर्जाचा काही भाग गिळतात. आपल्या विटा आणि काँक्रीट तो जवळजवळ सगळा परत फेकतात. भिंतीवर दोन इंची फोम चिकटवून यावर उतारा पडत नाही. ४० हर्ट्झची लहर सुमारे २८ फूट लांब असते, तिला दोन इंच जाणवतही नाहीत.

‘एक डावीकडे, एक उजवीकडे, म्हणजे स्टिरिओ बेस’

सुमारे ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला नीट कळत नाही. चित्रपटाच्या साउंडट्रॅकमध्ये खर्जाच्या परिणामांचा चॅनेलही (एलएफई) एकच असतो. रिसीव्हरवर ७.२ लिहिलेलं असतं त्यातला २ हा सब जोडायच्या सॉकेटचा आकडा आहे. अनेक रिसीव्हरमध्ये त्या दोन्ही सॉकेटमधून एकच सिग्नल निघतो. खरेदीपूर्वी मॅन्युअलमध्ये एवढं जरूर पाहावं, की दोन्ही सबची पातळी आणि अंतर वेगवेगळं ठरवता येतं का. येत नसेल तर दोन्ही सब बैठकीपासून सारख्या अंतरावर ठेवावेत, नाहीतर मिनीडीएसपीसारखा छोटा प्रोसेसर मध्ये जोडावा.

‘रिसीव्हरने अंतर चुकीचं मोजलं’

ऑडिसी किंवा डिरॅकसारख्या यंत्रणेने मोजणी केल्यावर रिसीव्हर सबचं अंतर १६ फूट दाखवतो. टेप लावली तर भरतं १० फूट. मग माणूस विश्वासाने आकडा दुरुस्त करतो आणि खर्ज बिघडतो. रिसीव्हरच्या लेखी अंतर म्हणजे वेळ. सबच्या आतल्या फिल्टर आणि प्रोसेसरला लागणारा उशीरही त्या आकड्यात धरलेला असतो. सहा फूट म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंद. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांचं, म्हणजे ही ‘दुरुस्ती’ सबला जवळपास अर्ध्या आवर्तनाने मागे ढकलते. नेमक्या त्याच पट्टीत सब आणि स्पीकर दोघंही वाजत असतात, आणि ते एकमेकांना खोडू लागतात. तो आकडा जसा आहे तसाच राहू द्यावा.

जुळवणीचा क्रमही महत्त्वाचा. आधी जागा पक्की करावी. मग दोन्ही सबच्या अंगावरचा क्रॉसओव्हरचा खटका ‘एलएफई’वर किंवा शेवटच्या आकड्यावर न्यावा, कारण खर्ज सबकडे आणि बाकी आवाज स्पीकरकडे ही विभागणी रिसीव्हर करतो. रिसीव्हरमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी. मुख्य बैठकीवर एकेक सब स्वतंत्रपणे ७५ डेसिबलला आणावा, आधी दोन्ही सब एकमेकांशी वेळेत जुळवावेत, मग दोघांना मिळून स्पीकरशी. दोघं एकत्र वाजले की पातळी ८१ पर्यंत चढू शकते, ती शेवटी खाली घ्यावी. इक्वलायझर त्याच्याही नंतर, दोन्ही सबना एकच समजून.

मोजताना मीटर ‘सी’ वेटिंगवर हवा. ‘ए’वर ४० हर्ट्झचा आवाज जवळजवळ ३५ डेसिबलने कमी दिसतो आणि माणूस नॉब पिळत सुटतो. फोनचा माइक बोलण्यासाठी बनलेला, खर्जासाठी त्यावर विसंबू नये. यूमिक-१ हा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर खोलीचा खरा आलेख डोळ्यांसमोर येतो.

‘खड्डा दिसला की इक्वलायझरने भरायचा’

आलेखातला उंचवटा इक्वलायझरने छाटता येतो. पण दोन लहरी एकमेकींना खोडत असल्यामुळे पडलेला खड्डा भरत नाही. जितका जोर वाढवाल तितकाच परतून येणाऱ्या लहरीचाही वाढतो. १० डेसिबल वाढवायचे तर अॅम्प्लिफायरकडून दहापट शक्ती ओढली जाते आणि हाती काही लागत नाही. अशा वेळी सब फूट-दोन फूट सरकवून पुन्हा मोजावं.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न, आणि फ्लॅटमध्ये तो पहिला असायला हवा. बैठकीवरचा आवाज तेवढाच ठेवला तर दुसरा सब आला म्हणून एकूण खर्ज दुप्पट होत नाही, प्रत्येक सबच्या वाट्याचं काम कमी होतं. सबखालचे रबरी पॅड लादीत उतरणारी थरथर कमी करतात. हवेतून स्लॅबपार जाणारा खर्ज त्यांना अडवता येत नाही. म्हणून जुळवणी झाली की आवाज रोजच्या पातळीवर ठेवून २० ते १२० हर्ट्झचा सावकाश चढणारा स्वर लावावा, शेजाऱ्यांची परवानगी घेऊन खालच्या मजल्यावर जाऊन तो ऐकावा, आणि रात्री दहानंतर नॉब कुठे ठेवायचा ते तिथेच ठरवावं.