पाच गोळ्या

सकाळी ८.३०
मेहकर. मेडिकलचं शटर वर जातं. काउंटरवरचे भाऊ उदबत्ती लावतात, आधी फ्रिज पाहतात. रात्री लाइट गेली होती, आत इन्सुलिन आहे.

११.१०
बाहेर पाऊस. लोणारकडच्या खेड्यातली बाई पदराखालून चिठ्ठी काढते. सिटिकोलिन आणि पिरासिटॅम एकाच गोळीत, सकाळ-संध्याकाळ. नवरा दीड महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं.

"त्यायले पोरायचे नावं आठवतात. सकायी काय खाल्लं, ते नाही."

दहा गोळ्यांचा पत्ता सहाशेच्या घरात. निंदणाचा रोज तीनशे.

"पाचच द्या, भाऊ."

भाऊ कात्री घेतात. मुदतीची तारीख छापलेलं टोक दुकानात राहील अशा बेताने पत्ता कापतात. एका दिवसाच्या निंदणात अडीच दिवसांचं औषध. एसटीत बायांना तिकीट अर्धं लागतं, तेवढाच आधार.

दुपारी १.४५
डबा. भाकर, ठेचा, कांदा. मी विचारतो, गुण येतो का?

"काही म्हणतात येतो. मार भरतोच ना हळूहळू. कशानं भरला, कोण सांगणार?"

हेच तपासायला अमेरिकेत कोब्रिट नावाची चाचणी झाली. डोक्याला मार लागलेले १,२१३ जण, ९० दिवस; निम्म्यांना सिटिकोलिन, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. २०१२ मध्ये निकाल आला, दोन्हींत फरक नव्हता. मला त्या कापलेल्या पत्त्याकडे बघवत नाही.

२०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत मात्र सौम्य आणि मध्यम मार लागलेल्यांचे मृत्यू ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडने कमी झाले. तीन तासांच्या आत शिरेतून दिलं तर. त्याच औषधाच्या गोळ्या भाऊंच्या मागच्या कपाटात आहेत, पाळीत जास्त रक्त जातं त्यासाठी.

"तीन तास?" भाऊ हात धुतात. "रात्री पडला तर गाडी मिळेस्तोवरच दोन जातात."

५.२०
निवृत्त गुरुजींचा मुलगा. स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल, महिन्याचं. गुरुजी परवा स्वतःच्याच गल्लीत चुकले.

"पहिल्यासारखे होतील का?"

भाऊ बिल फाडतात. "तसं नाही होत. काही दिवस जरा सावरून धरते. झोपताना द्या."

इतकं स्पष्ट बोललेलं मला आवडलं. मुलगा पिशवी घेऊन बराच वेळ पायरीवर उभा राहतो.

रात्री ९.१५
गल्ला मोजून झाला. कापलेले पत्ते प्लास्टिकच्या डब्यात जातात. सकाळचा अर्धा भाऊ वेगळा काढतात, रबर लावून वरच ठेवतात.

आज सोमवार. बाईच्या गोळ्या बुधवारी रात्री संपतील.