चुलीपुढचा खोकला

पोलादपूर तालुक्यात कापड्याच्या बाजूला सकाळी फिरलात, तर बऱ्याच घरांत एकच चित्र दिसतं. गॅसच्या शेगडीवर चहा होतो, पण भाकरी चुलीवरची आणि अंघोळीचं पाणीही मागच्या दारच्या चुलीवर. लाकूड ओलं असलं की बाई वाकून फुंकणी तोंडाला लावते, तीन-चार फुंका मारते. धूर उलटा अंगावर येतो, ढास लागते. पदराने डोळे पुसून ती पुन्हा फुंकू लागते. तिला विचारा, खोकला आहे का? ती नाही म्हणेल. हा खोकला ती मोजतच नाही.

ब्राँकायटिस म्हणजे श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला आलेली सूज. अस्तर सुजलं की चिकट कफ सुटतो आणि तो बाहेर टाकायला खोकला येतो. यात दोन अगदी वेगळे आजार आहेत. एक तीव्र: पडसं छातीत उतरतं, काही आठवडे छळतं आणि जातं. दुसरा जुनाट: लागोपाठ दोन वर्षं, दरवर्षी निदान तीन महिने बेडक्याचा खोकला, आणि त्याला टीबीसारखं दुसरं कारण नाही. गावात मात्र दोन्हींना एकच नाव, ‘छातीत कफ झालाय’. त्यामुळे जो आपोआप जाणार असतो त्याच्यावर औषधांचा मारा होतो आणि जो राहणार असतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

‘आमच्या घरात कोणी बिडी ओढत नाही, मग हा आजार कुठून येणार?’ मला सगळ्यांत घातक वाटतो तो हा समज. बिडी-सिगारेट हे मोठं कारण आहेच, पण एकमेव नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला. जुनाट ब्राँकायटिस ज्या आजारात मोडतो त्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी धूम्रपान केलेलं नव्हतं, असं त्यात दिसलं. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांचा धूर हे त्यामागचं प्रमुख कारण. आपल्याकडे चुलीच्या जोडीला उन्हाळ्यातलं राब भाजणं आलं, शेणकूट, कवळ, पालापाचोळा पेटवून केलेलं. पुढे झोडणीच्या वेळी भाताचा कोंडा उडतो तो वेगळाच. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, सिलिंडर घरोघर पोचले, पण गॅस परवडावा म्हणून चूल पेटतच राहिली. श्वासनळ्यांना घरात सिलिंडर आहे की नाही हे कळत नाही, धूर किती आला एवढंच कळतं. निदान अंघोळीच्या पाण्याची चूल घरापासून लांब उघड्यावर न्या, लाकूड वाळलेलं वापरा, चुलीवर धुराडं बसवा आणि लहान मूल काखेत घेऊन फुंकणी फुंकू नका.

दुसरा समज दवाखान्यातला. ‘बेडका पिवळा-हिरवा पडतोय, म्हणजे इन्फेक्शन. मोठी गोळी द्या, सलाईन लावा.’ हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्यामुळे. तो विषाणूच्या आजारातही येतो. तीव्र ब्राँकायटिस दहापैकी नऊ वेळा विषाणूंमुळेच होतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. ते घेतल्याने खोकला सरासरी जेमतेम अर्धा दिवस लवकर थांबतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. आपली अपेक्षा असते की पाच-सहा दिवसांत बरं वाटावं, प्रत्यक्षात असा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो. दहाव्या दिवशी डॉक्टर बदलला की गुण नव्या डॉक्टरच्या गोळीला जातो, आजार मात्र आपल्या चालीने उतरत असतो. सलाईनने कफ सुटत नाही. कोमट पाणी पोटभर प्या, विश्रांती घ्या. जोराचा ताप, धाप, छातीत दुखणं किंवा बेडक्यात रक्त असेल तर मात्र घरी थांबू नका. ते न्युमोनिया किंवा आणखी काही असू शकतं.

केळं, दही, ताक बंद करण्याने श्वासनळ्यांची सूज उतरत नाही. आधीच खंगलेल्या माणसाचं खाणं तोडू नका.

‘पंपाची सवय लागते’ हेही कायम ऐकू येतं. जुनाट ब्राँकायटिसमध्ये किंवा दम्यात डॉक्टर इनहेलर देतात आणि माणसं तो पिशवीत लपवतात, जणू शेवटचा उपाय असावा. हिशेब करून पाहा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या गोळीत ४,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीसपट. फवारा थेट नळीत जातो, गोळी आधी सगळ्या अंगभर फिरते आणि हातपाय थरथरतात. पंप रोज लागतो तो आजार जुनाट म्हणून, व्यसन म्हणून नव्हे. स्टेरॉइडचा पंप असेल तर घेतल्यावर चूळ भरा.

लहान मुलांचं वेगळं. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचं औषध देऊच नये आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २०२५ साली बजावलं आहे. मधाने खोकल्याला आराम पडतो, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजा. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

मोठ्यांचा खोकला दोन आठवड्यांपुढे गेला तर आधी टीबीसाठी बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

आणि मुंबईला असलेल्या लेकांना एक विनंती. गणपतीला गावी याल तेव्हा आईचा खोकला दोन दिवस कान देऊन ऐका. सकाळी बेडका पडतो का, पाण्याची कळशी घेऊन चढ चढताना ती पूर्वीपेक्षा जास्त वेळा थांबते का, पाहा. तसं असेल तर तिची स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोराने फुंकायचं, एवढीच ती चाचणी. थोडा वेळ लागतो, सुई टोचत नाही.