टोल फ्री नंबर घेण्यापूर्वी हिशोब करा

हल्ली बाजारात एजंट फिरतात आणि सांगतात, ‘‘शेठ, 1800 चा नंबर घ्या, धंदा वाढेल.’’ मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत असा नंबर दिसतो, त्यामुळे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनाही तो हवासा वाटतो. घेण्यात गैर काही नाही. मात्र आपण कशाचे पैसे देत आहोत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

हा नंबर म्हणजे काय?

टोल फ्री म्हणजे फोन करणाऱ्याला फुकट. पैसे कोणाला तरी भरावेच लागतात आणि ते दुकानदार भरतो. अमेरिकेत ही सोय 1967 साली सुरू झाली. आपल्याकडे पूर्वी असे नंबर 1600 ने सुरू होत, आता 1800 ने होतात. (1860 चा नंबर वेगळा. त्यात फोन करणाऱ्यालाही आकार पडू शकतो.) या नंबरासाठी दुकानात वेगळी लाईन ओढावी लागत नाही. गिऱ्हाईकाने 1800 चा नंबर लावला की टेलिफोन कंपनीचा संगणक तो कॉल आपल्या नेहमीच्या फोनवर किंवा मोबाईलवर वळवतो.

आता गरज कोणाला?

एस.टी.डी. महाग होती तेव्हा दर उतरावा म्हणून लोक रात्री अकरा वाजण्याची वाट पाहत. मालेगावचा लूमवाला मुंबईच्या पेढीशी घड्याळाकडे पाहूनच बोले. मोबाईल आल्यावर 2003 पर्यंत येणाऱ्या कॉलचेही पैसे पडत. पुढे आपल्या लोकांनी मिस्ड कॉलची युक्ती काढली. 2016 नंतर स्वस्त पॅक आले आणि बहुतेक गिऱ्हाइकांना फोन करण्याचा वेगळा खर्च उरला नाही. म्हणून ‘गिऱ्हाईकाचा फोन फुकट’ हा एवढाच फायदा आता मोठा राहिलेला नाही.

खरा फायदा दुसरा आहे. नंबर एक, उचलणारे अनेक. दुकानातला फोन गुंतला असेल तर कॉल गोदामावर जातो. दुकान हलले, मोबाईल बदलला, तरी खोक्यावर छापलेला नंबर तोच राहतो. जुम्याच्या नमाजला दुकान बंद असेल तर ‘अडीच वाजता फोन करावा’ असा निरोप गिऱ्हाईकाला ऐकवता येतो. कोणाचा कॉल सुटला याची यादीही मिळते.

म्हणून जो आपल्या मार्क्याचा माल चार राज्यांत विकतो किंवा मशीन विकून नंतर दुरुस्तीही देतो, त्याला हा नंबर उपयोगी आहे. ज्याचे गिऱ्हाईक मोहल्ल्यातले आहे अशा शिंप्याला किंवा चार लूमच्या मालकाला साधा मोबाईल आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरेसे आहे. आखाती देशांतील गिऱ्हाईकासाठीही व्हॉट्सॲपच बरे, कारण परदेशातून 1800 चा नंबर सहसा लागत नाही.

खर्चाचा अंदाज

भाडे वेगळे आणि मिनिटाचा आकार वेगळा. दर कंपनीगणिक बदलतात. समजा, मिनिटाला 1 रुपया पडतो. रोज 20 कॉल, प्रत्येक 4 मिनिटांचा, म्हणजे दिवसाला 80 रुपये आणि 26 दिवसांचे 2,080 रुपये. त्यावर भाडे आणि जी.एस.टी. नुसता भाव विचारणाऱ्याचे आणि चुकून लागलेल्या कॉलचे पैसेही आपल्यालाच पडतात. आगाऊ रकमेवर चालणारी योजना असेल तर रक्कम संपताच नंबर मुका होतो.

घेताना काय पाहावे?

पॅन, जी.एस.टी.चा दाखला आणि दुकानाच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नंबर कोणाच्या नावावर होणार, हे विचारावे. यात आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. एका एजंटाच्या तोंडी भरवशावर नंबर घेतला, बिलबुकांवर आणि खोक्यांवर छापला. वर्षभराने एजंट गायब झाला आणि नंबर बंद पडला. चौकशी केली तेव्हा कळले की नंबर त्याच्याच नावावर होता. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना वाटले, आमची पेढीच उठली. छपाईचे पैसे तर गेलेच, पण तुटलेली गिऱ्हाइके परत जोडायला त्याहून जास्त दिवस लागले.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आम्ही दिवाणखान्यात बसून तो वाचत होतो आणि दुकानात विसरलो. म्हणून करार लेखी घ्या. नंबर आपल्या पेढीच्या नावावर आहे, मिनिटाचा दर इतका आहे, एजंट बदलला तर नंबराचे काय होईल, या तीन गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. पहिले तीन महिने नंबर कोठेही छापू नका. नुसता चालवून पाहा आणि दर महिन्याचे बिल तपासा.

शेवटी एकच सांगणे. फोन लागला पण कोणी उचलला नाही, तर फुकटचा नंबरही गिऱ्हाईकाला महागच पडतो. फोनवर गोड बोलणारा माणूस आधी बसवा, नंबर मागाहून घ्या. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.