सफारीची पथ्ये : निघण्यापूर्वी सहा आठवडे, परतल्यावर तीन महिने

‘सफारी’ हा स्वाहिली भाषेतील शब्द. प्रवास हा त्याचा साधा अर्थ. अरबी ‘सफर’पासून तो आला आणि आपल्या मराठीतील ‘सफर’ही त्याच कुळातली. दरवर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास टांझानियाच्या सेरेंगेटीतून केनियाच्या मसाई मारा अभयारण्याकडे आलेले विल्डबीस्टचे प्रचंड कळप मारा नदी ओलांडतात. हे दृश्य एकदा तरी डोळ्यांनी पाहावे म्हणून अलीकडे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे, आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत, आफ्रिकेच्या वाटेला लागतात. काहींचे आप्त नैरोबीत किंवा दार-एस-सलाममध्ये राहत असतात, तेही आग्रहाने बोलावतात.

अशा कुटुंबांत निघण्यापूर्वी एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘सिंह गाडीजवळ आला तर?’ त्याचे उत्तर सोपे आहे. गाडीत बसून राहावे, हात बाहेर काढू नये, आरडाओरडा करू नये आणि चालक-वाटाड्याचे ऐकावे. वाचकहो, आपल्या सहलीला खरा धोका सिंहापासून नसून डासापासून आहे. त्याच्यापासून जपण्याची तयारी विमानतळावर सुरू होत नाही आणि घरी परतल्यावर लगेच संपतही नाही. म्हणूनच या लेखाच्या शीर्षकात सहा आठवडे आणि तीन महिने असा हिशेब मांडला आहे.

प्रथम डॉक्टरांची भेट

तिकिटे निश्चित होताच, निदान सहा आठवडे आधी, आपल्या कौटुंबिक डॉक्टरांना भेटावे. जाताना प्रवासाचा संपूर्ण मार्ग लिहून न्यावा. कोणता देश, कोणते अभयारण्य, किती दिवस आणि विमान कोणत्या शहरातून बदलायचे, या तपशिलांवर लशी आणि गोळ्या ठरतात. धनुर्वाताची मात्रा केव्हा घेतली होती, विषमज्वर व ‘अ’ प्रकारची कावीळ यांच्या लशी झाल्या आहेत का, हेही याच भेटीत तपासून घ्यावे.

पीतज्वराची लस

पीतज्वर हा डासांमार्फत पसरणारा विषाणुजन्य आजार. भारतात तो नाही. परंतु तो पसरवू शकणारा एडिस इजिप्ती डास मात्र आपल्याकडे भरपूर आहे. म्हणूनच आपले सरकार याबाबतीत कडक आहे. केनिया, युगांडा, इथिओपिया यांसारख्या देशांतून वैध प्रमाणपत्राविना परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. केनियातून टांझानियात जातानाही हे प्रमाणपत्र मागितले जाते.

ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारमान्य केंद्रांवरच ती दिली जाते आणि तेथे बहुधा आधी नाव नोंदवावे लागते. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध ठरते. त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यात केलेली धावपळ उपयोगी पडत नाही. २०१६ पासून या प्रमाणपत्राची वैधता आयुष्यभराची करण्यात आली आहे; म्हणून ते पारपत्रासोबत जपून ठेवावे.

ही जिवंत विषाणूची लस असल्याने ती सर्वांना चालत नाही. नऊ महिन्यांखालील बाळे, अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेल्या व्यक्ती, कर्करोगावरील उपचारांमुळे वा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना ती सामान्यतः देत नाहीत. गर्भवती आणि प्रथमच लस घेणारे साठीपुढील ज्येष्ठ यांच्याबाबत लाभ आणि धोका तोलूनच निर्णय घेतात. घरातील कोणास लस देता येणार नसेल, तर प्रवासाचे नियम आधीच विचारून घ्यावेत. प्रसंगी ठिकाण बदलावे. दक्षिण आफ्रिकेतील पिलानेसबर्ग आणि मडिक्वे ही अभयारण्ये हिवतापमुक्त आहेत आणि सिंह, हत्ती, गेंडे तेथेही दिसतात. लहान बाळ किंवा गर्भवती सोबत असल्यास हा पर्याय अधिक शहाणपणाचा. मात्र नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर पीतज्वराचा नियम लागू होतो का, याची खात्री करून घ्यावी.

हिवताप : ओळखीचा नव्हे

‘आम्ही मुंबईत वाढलो, मलेरियाचे काय एवढे!’ असे म्हणणारी मंडळी बहुतेक घरांत असतात. हा समज मनातून काढून टाकावा. पूर्व आफ्रिकेतील हिवताप प्रामुख्याने प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीमुळे होतो. हिवतापाच्या परजीवींमध्ये हा सर्वांत घातक. उपचारास विलंब झाल्यास एकदोन दिवसांत मेंदू, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांवर परिणाम होऊ शकतो. लहानपणी हिवताप येऊन गेला, म्हणून आज संरक्षण मिळत नाही. आफ्रिकेत जन्मलेले, परंतु अनेक वर्षे दूर राहिलेले लोकही माहेरी जाऊन या आजाराने अंथरूण धरतात.

प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. सामान्यतः तीन पर्याय असतात. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही गोळी प्रवासाच्या एकदोन दिवस आधीपासून रोज घ्यायची आणि हिवतापाचा प्रदेश सोडल्यावर सात दिवस चालू ठेवायची. डॉक्सिसायक्लिनही एकदोन दिवस आधी सुरू होते, पण परतल्यावर चार आठवडे घ्यावे लागते. त्याने त्वचा उन्हाला हळवी होते आणि आठ वर्षांखालील मुलांना व गर्भवतींना ते देत नाहीत. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते किमान दोन आठवडे आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घेतात. अपस्मार किंवा मानसिक आजार असलेल्यांना ते वर्ज्य. आपल्याकडे पूर्वापार परिचित असलेले क्लोरोक्विन पूर्व आफ्रिकेतील फाल्सिपेरमवर भरवशाचे राहिलेले नाही. लसूण, कडुलिंबाचा रस किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांनी हिवताप टळत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती घरी आल्यावर. बॅगा रिकाम्या होतात, फोटो पाहून होतात आणि उरलेल्या गोळ्या कपाटात पडून राहतात. परजीवी काही काळ यकृतात वाढून मगच रक्तात उतरतो, म्हणून या शेवटच्या मात्रांना पहिल्या मात्रेइतकेच महत्त्व आहे.

सामान बांधताना

हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. त्यासाठी लांब बाह्यांचे सैल कपडे, पूर्ण विजारी आणि मोजे घ्यावेत. डीट हे द्रव्य २० ते ३० टक्के असलेले डासप्रतिबंधक मलम अथवा फवारा सोबत असावा. दोन महिन्यांखालील बाळांना तो लावू नये आणि मोठ्या मुलांच्याही हातांना, डोळ्यांजवळ वा तोंडाजवळ लावणे टाळावे. दिवसा ऊनरोधक मलमही वापरत असाल, तर ते आधी आणि डासप्रतिबंधक नंतर, असा क्रम ठेवावा.

कपड्यांचा रंगही महत्त्वाचा. त्सेत्से माशी गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे आकर्षित होते, दिवसा चावते आणि तिचा डंख पातळ कापडातून जातो. पर्यटकांना तिच्यामुळे निद्रारोग क्वचितच होतो, पण डंख चांगलाच झोंबतो. मातकट, खाकी किंवा फिकट हिरवे कपडे उत्तम. सैनिकी गणवेशासारख्या ठिपक्यांचे कपडे मात्र घेऊ नयेत; युगांडा, झांबिया, झिम्बाब्वे अशा देशांत ते नागरिकांना निषिद्ध आहेत.

चिवडा, चकली, लाडू घेतल्याशिवाय आपली सहल निघत नाही. पण ते प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नयेत. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली असून ती पर्यटकांनाही लागू आहे. फराळ डब्यांत आणि कपडे कापडी पिशव्यांत भरावेत. नैरोबीहून लहान विमानाने अभयारण्यात जाणार असाल, तर बहुधा प्रत्येकी १५ किलोच सामान आणि तेही मऊ बॅगेतून नेता येते.

नेहमीची औषधे पूर्ण सहलीपुरती आणि वर आठवडाभराची जादा घ्यावीत. ती मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील सामानात ठेवावीत. इन्शुलिन कधीही विमानाच्या मालकक्षात टाकू नये. गोठल्यास ते निरुपयोगी होते. जलसंजीवनीची पाकिटे, पॅरासिटामॉल, थर्मामीटर, जंतुनाशक, पट्ट्या आणि प्रवासात मळमळणाऱ्यांसाठी गोळ्या एवढे तरी हवेच. प्रवासविम्यात जुन्या आजारांचा आणि रुग्णास विमानाने हलविण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे वाचून पाहावे. अभयारण्यापासून मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर असू शकते.

रानातले दिवस

पूर्व आफ्रिकेची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. त्यानुसार इन्शुलिन आणि इतर औषधांच्या वेळा कशा बदलायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. मसाई मारा समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे, तर गोरोंगोरो विवराचा काठ सुमारे २३०० मीटरवर. पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी वारा गार असल्याने ऊन जाणवत नाही. पण विषुववृत्ताजवळचे ते ऊन त्वचा भाजून काढते. टोपी आणि काळा चष्मा विसरू नये.

उघड्या छताच्या गाडीत तासन्‌तास खाचखळग्यांतून फिरणे, हा सफारीचा नित्यक्रम. पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी कमरेचा पट्टा आणि लहान उशी न्यावी, पुढच्या आसनावर बसावे आणि एक दिवसाआड दुपारची फेरी सोडून द्यावी. दमा असणाऱ्यांनी श्वासातून घ्यायचे औषध खिशातच ठेवावे. अंबोसेलीसारख्या कोरड्या भागात धुळीचे लोट उठतात.

वाटेत स्वच्छतागृह नसते, म्हणून अनेक स्त्रिया आणि ज्येष्ठ मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून डोकेदुखी, चक्कर, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि रक्तदाबाच्या तक्रारी उद्भवतात. पाणी प्यावे आणि वाटाड्यास निःसंकोच सांगावे. थांबण्याची सुरक्षित जागा त्याला ठाऊक असते. पाणी सीलबंद बाटलीतील किंवा उकळलेलेच घ्यावे, दात घासण्यासाठीही तेच वापरावे. बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत. व्हिक्टोरिया सरोवरासारख्या गोड्या पाण्यात पोहण्याचा मोह आवरावा, कारण त्या पाण्यातील कृमी त्वचेतून शरीरात शिरतात.

निवासाच्या आवारात माकडे आणि बबून येतात. त्यांना खाऊ घालू नये, मुलांना त्यांच्याजवळ जाऊ देऊ नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रेबीजची लस घ्यावी. अंधार पडल्यावर तंबूतून भोजनगृहाकडेही रक्षकाशिवाय जाऊ नये. रात्री पाणघोडे चरायला बाहेर पडतात. झोपताना मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. चार स्वाहिली शब्दही जवळ असू द्यावेत : ‘माजी’ म्हणजे पाणी, ‘होमा’ म्हणजे ताप, ‘डाक्तारी’ म्हणजे डॉक्टर आणि ‘दावा’ म्हणजे औषध. शेवटचे दोन तर आपलेच वाटतात.

परतल्यावरचे तीन महिने

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपण परतता, तेव्हा महाराष्ट्रात पावसाळी आजारांचा हंगाम असतो. घरात कोणाला ताप आला, तर ‘साथीचा असेल’, ‘डेंग्यू असेल’, ‘प्रवासाचा शीण असेल’ असे म्हणून दोन दिवस पॅरासिटामॉलवर काढले जातात. फाल्सिपेरम हिवतापात हेच दोन दिवस मोलाचे असतात.

डास चावल्यापासून साधारण सात दिवसांनंतर केव्हाही लक्षणे दिसू शकतात. फाल्सिपेरमचे बहुतेक रुग्ण तीन महिन्यांच्या आत आजारी पडतात. क्वचित वर्षभरानंतरही ताप येतो. थंडी वाजून ताप, अंगदुखी, डोकेदुखी, उलट्या, कधी जुलाबही होतात. मुलांमध्ये केवळ मलूलपणा आणि ताप एवढेच दिसते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि पहिले वाक्य हे बोलावे : ‘आम्ही अमुक तारखेला आफ्रिकेहून आलो आहोत.’ डॉक्टर मनकवडे नसतात. आपण सांगितले नाही तर त्यांचे लक्ष गावातल्या साथीकडेच जाणार. हिवतापासाठी रक्ताची तपासणी मागावी. पहिला अहवाल निर्दोष आला आणि ताप कायम राहिला, तर तपासणी पुन्हा करावी लागते. प्रतिबंधक गोळ्या नियमित घेतल्या होत्या, हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण कोणत्याही गोळीचे संरक्षण शंभर टक्के नसते.

एक साधा उपाय सुचवितो. घरी पोहोचताच भिंतीवरच्या दिनदर्शिकेत परतल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांवरच्या दिवशी खूण करावी आणि शेजारी ‘ताप आल्यास आफ्रिका सांगणे’ एवढे चार शब्द लिहावेत. सोबत आलेल्या प्रत्येक घरी, मुलांच्या आजोळीसुद्धा, ही आठवण द्यावी. त्या खुणेपर्यंत सर्वजण धडधाकट राहिले, की आपली सफारी खऱ्या अर्थाने सुखरूप पार पडली असे समजावे.