सिरीज बोर्ड

पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करणाऱ्या जुन्या दुकानात टेबलामागे एक लाकडी फळी दिसते. तिच्यावर एक होल्डर, एक सॉकेट आणि होल्डरमध्ये शंभर वॅटचा तारेचा पिवळा बल्ब. हा सिरीज बोर्ड. बहुतेक कारागीर तो स्वतःच जोडतात.

जोडणीतली गोम एवढीच, की फेजची तार थेट सॉकेटला न जाता आधी बल्बमधून जाते. बल्बमधून वाहील तोच करंट गिऱ्हाइकाच्या वस्तूतूनही वाहणार. बल्ब झगझगीत पेटला तर वस्तू शॉर्ट: तिचा रोध संपला आणि सगळे 230 व्होल्ट बल्बच्या वाट्याला आले. मिणमिणला तर व्होल्टेजची वाटणी झाली. पेटलाच नाही तर आत तार कुठंतरी तुटली आहे. शॉर्ट वस्तू घरच्या प्लगमध्ये फ्यूज उडवते; इथं पेटलेल्या बल्बचा 529 ओहम रोध करंटला अर्ध्या अँपिअरच्या आत ठेवतो.

पण नवशिके इस्त्रीपाशी हमखास फसतात: धड इस्त्रीही त्यांना शॉर्ट वाटते. हजार वॅटच्या इस्त्रीचा रोध जेमतेम 53 ओहम. तिच्या वाट्याला वीसेक व्होल्ट येतात, बाकी सगळे बल्बकडे. उजेड किंचित उतरलेला असतो, तो मुरलेल्या डोळ्यालाच कळतो.

करंट, व्होल्टेज आणि रोध यांचं हे नातं जॉर्ज ओहमनं 1827 मध्ये पुस्तकात मांडलं. कुलूपं बनवणाऱ्याचा हा मुलगा कोलोनला शाळामास्तर होता. त्याच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचं. शेवटी पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यानं त्यानं तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला, तेव्हा कुठं व्होल्टेज जागेवर थांबलं. नियमाला तापमानही तेच राहावं लागतं. बल्बची तार ते पाळत नाही; थंड असताना तिचा रोध चाळीसेक ओहमच भरतो. (एलईडी या बोर्डावर कुचकामी. तिच्या पोटात तार नाही, इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. म्हणून तारेचे जुने बल्ब दुकानदार जपून ठेवतात.)

बल्ब पेटला नाही, की शिकाऊ पोरगा बिनधास्त उघड्या तारेकडे हात नेतो. करंट वाहत नसतो हे खरं, पण व्होल्टेज तुटलेल्या टोकाशी येऊन उभं असतं, वाट मिळायचाच अवकाश. माणसाच्या अंगाचा रोध साधारण हजार-दोन हजार ओहम. त्यापुढे थंड बल्बचे चाळीस ओहम काय अडवणार?