भार आसावर, ओढ मोटारीवर : चालत्या यंत्राचे सांधे



धारूरच्या व्याख्यानात तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोटारी आणि नट-बोल्टवर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. पण गती म्हणजे काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. वैशेषिक दर्शनात कणादांनी कर्माचे पाच प्रकार सांगितले : उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. म्हणजे वर उचलणं, खाली टेकवणं, आखडणं, पसरणं आणि जाणं. आता घरी बनवलेल्या रोबोचा एक पाय डोळ्यांसमोर आणा. पहिली चार कर्मं पाय करतो, आणि त्यांतून सगळ्या यंत्राचं गमन घडतं.

हा खेळ आपल्याला परका नाही. आशियाई विद्यार्थ्यांची रोबोकॉन ही स्पर्धा 2008 आणि 2014 मध्ये पुण्यात झाली. 2008 चा विषय तर आपला गोविंदाच होता. 2019 मध्ये ती मंगोलियात उलानबातरला झाली, तेव्हा एक रोबो चार पायांवर चाललाच पाहिजे, असा नियम होता. चाकं लावून पळवणं त्या मानाने सोपं. पाय लावले की खरी परीक्षा सुरू होते.

घरी प्रयोग करणाऱ्या मुलांचं पुष्कळदा इथेच अडतं. सर्व्हो मोटार आणतात, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवतात, चार पावलं चालते आणि आतले दाते तुटतात. काहीशे रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे, ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं पोरगं ठरवून टाकतं. मोटार बरी होती, पोराची बुद्धीही बरी होती. चुकलेली होती ती बसवणूक. म्हणून ती नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या हालचालीवर लिहिताना एक मार्मिक निरीक्षण नोंदवलं : अवयव हलायचा तर सांध्यापाशी काहीतरी स्थिर राहावं लागतं. मोटारीचंही तसंच. ती पायाला जेवढ्या जोराने फिरवते, तेवढ्याच जोराने पाय तिच्या अंगाला उलटं फिरवू बघतो. हा उलटा पीळ सांगाड्याने सोसायचा असतो. पट्टी लवचीक असेल तर पाय उचलण्याऐवजी पट्टीच वाकते. पत्र्याची जाडी दुप्पट केली, की त्याचा ताठपणा जवळजवळ आठपट होतो. पण वजनही वाढतं. त्यापेक्षा तोच पत्रा काटकोनात वाकवा. सपाट पट्टी हाताने वाकते, तेवढ्याच पत्र्याचा अँगल वाकत नाही. मोटारीच्या दोन्ही कानांना मिळून चार भोकं असतात, ती चारही वापरा. दोन बोल्टांवर टांगलेली मोटार रोज थोडी थोडी हलते आणि भोक मोठं करते.

दुसरी गोष्ट आपल्याकडच्या कुणालाही सांगावी लागू नये. उसाची भरलेली बैलगाडी बघा. ओझं कशावर असतं? आसावर. बैल ओढतो. गाडी धुरजड झाली, की तेच ओझं बैलाच्या मानेवर येतं आणि जनावर टेकीला येतं. मोटार म्हणजे आपला बैल. रोबोचं वजन तिच्या दांड्यावर टाकू नका. सांध्याच्या एका बाजूला मोटार, आणि समोरच्या बाजूला त्याच सरळ रेषेत एक छोटं बेअरिंग. पाय दोन्हीकडून धरला गेला, की वजन सांगाड्यात उतरतं आणि मोटारीकडे फक्त फिरवण्याचं काम उरतं. मात्र दोन्हींचा आस एका रेषेत हवा, नाहीतर सांधा अडकतो. त्यासाठी दोन्ही पत्रे एकावर एक आवळून भोक एकदमच पाडावं. आधी पंचाने खूण, मग बारीक ड्रिल, मग मोठं.

तिसरी गोष्ट हिशेबाची. समजा रोबो दीड किलोचा आहे आणि चालताना दोन पाय टेकलेले आहेत. एका पायावर 750 ग्रॅम आले. सांध्यापासून पाऊल आडवं 6 सेंटिमीटर लांब असेल, तर 0.75 गुणिले 6, म्हणजे साडेचार किलो-सेंटिमीटर पीळ लागतो. पाऊल 12 सेंटिमीटरवर गेलं, की तो 9 होतो. खोक्यावर 10 लिहिलेलं असतं म्हणून आपण निश्चिंत होतो. पण तो आकडा मोटार थबकते तेव्हाचा आहे. तिथे ती काम करत नाही, नुसती तापते. निम्म्याच्या आत राहावं. पाय आखूड ठेवा आणि जमल्यास गुडघ्याची मोटारही धडाजवळ बसवून तिथून दांडीने गुडघा हलवा. पाय हलका झाला, की तो उचलायला जोर कमी लागतो.

आता किरकोळ वाटणाऱ्या, पण नडणाऱ्या बाबी. गिअरच्या मोटारीला लांब स्क्रू लावू नका, तो आत जाऊन दात्यांना भिडतो. नट हादऱ्याने सुटतात. नायलॉनवाले नट वापरा. पत्र्याच्या कडा कानशीने घासा, नाहीतर तारेचं कातडं सोललं जातं. आणि सर्व्होला आधी वीज देऊन मधल्या स्थितीत आणा, मगच पाय जोडा. नाहीतर एका बाजूला फिरायला जागाच उरत नाही.

शेवटी परीक्षा. रोबो आधी विटांवर उचलून ठेवा, पाय अधांतरी राहू द्या आणि पाच मिनिटं चालवा. मग वीज बंद करून एकेका मोटारीला हात लावा. सगळ्या सारख्याच कोमट असतील तर खाली उतरवा. एखादीच तापली असेल, तर त्या सांध्याचा आस वाकडा आहे. मोटार बदलू नका, भोक तपासा. बिघाड दिसतो एका जागी आणि कारण असतं दुसऱ्या जागी. कार्यावरून कारणाकडे जाण्याला आपल्या न्यायशास्त्रात शेषवत् अनुमान म्हणतात. ते पुस्तकात शिकवताना आमची तासिका संपते. इथे ते पाच मिनिटांत हाताला कळतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.