पिलांची पिसे आणि रिकामी चोच



मृगाचा पाऊस सुरू झाला, की मावळातल्या पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो. वैशाखात अंड्यांतून निघालेली पिल्लं आता महिना-दीड महिन्याची झालेली असतात. अंगावरची मऊ लव जाऊन पिसे भरायची ती वेळ. नेमकी तेव्हाच काही पिल्लं पाठीकडून उघडी दिसतात, एखाद्याच्या शेपटीच्या बुडाशी रक्त दिसते. घरची बाई म्हणते, रोग आला. शेजारीण म्हणते, पिलांची जातच वाईट. दोघींचे म्हणणे कधी कधी खरे असते, पण पुष्कळदा खरे कारण तिसरेच निघते.

हा प्रश्न लहान समजू नका. परसातल्या कोंबडीचा पैसा हा बहुधा बाईच्या हातचा पैसा. त्यातून पोरांची वह्या-पुस्तके येतात, अडीनडीला एस. टी. चे भाडे निघते. आणि आपला मुलूख पावसाचा. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेला वडगाव-तळेगावकडे तो कमी होत जातो. पण पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ इथली हवा आषाढ-श्रावणात ओलीच. पीस हे पिलाचे घोंगडे. घोंगडे नसलेले पिलू खाल्लेला दाणा वाढीला न लावता अंग गरम ठेवण्यात खर्च करते, आणि भिजले तर रात्रीत गारठून मरते.

तेव्हा पहिले काम औषध आणणे नव्हे. पिलू दिवसाउजेडी हातात घ्या आणि नीट पाहा. कातडी गुळगुळीत आहे, कुठे जखम नाही, तुटलेले खुंट नाहीत, फक्त पिसे उशिरा येत आहेत, असे दिसले तर ते पिलू जन्मतःच सावकाश पिसाळणारे असेल. पिसांच्या बुडाशी, विशेषतः गुदद्वाराजवळ, पांढरट लिखांचे झुबके दिसले तर उवा झाल्या आहेत. आणि पाठीवर किंवा शेपटीच्या बुडाशी पिसे अर्धवट तुटलेली असतील, रक्ताचे ठिपके असतील, तर सोबतची पिल्लं पिसे उपटत आहेत हे नक्की समजा. साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लं पहिली पिसे टाकून नवी घेऊ लागतात. तीही पडझड रोगाची नव्हे.

सावकाश पिसे येणे हा दोष नव्हे, वारसा आहे. व्हाइट लेगहॉर्नसारख्या हलक्या जातीला पिसे लवकर येतात. ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक अशा अंगाने भारी जातींत ती साधारणतः उशिरा भरतात. शिक्षक बंधु-भगिनींना यात वर्गात सांगण्याजोगी एक गंमत आहे. सावकाश पिसाळण्याचा गुण लिंगाशी जोडलेला आहे, आणि कोंबडी आपले ते गुणसूत्र फक्त मुलग्यांना देते. म्हणून आई सावकाश पिसाळणारी आणि बाप लवकर पिसाळणारा असला, तर त्यांचे नर सावकाश आणि माद्या लवकर पिसाळतात. अशा जोडीची एक दिवसाची पिल्लं पंख उघडून ओळखता येतात. मादीच्या पंखाची लांब पिसे त्यांना वरून झाकणाऱ्या पिसांहून पुढे आलेली असतात. नराची दोन्ही जवळजवळ सारखी असतात. काही उबवणी केंद्रांत नर-मादी याच खुणेवरून वेगळे करतात. गावठी कळपात जातींची सरमिसळ असते, तेव्हा तिथे या खुणेवर विसंबू नका.

वारशाच्या जोडीला खाणे येते. पीस म्हणजे जवळजवळ सगळे प्रथिनच, दहा भागांतले साडेआठ-नऊ भाग. आपल्याकडे पिलांपुढे इंद्रायणीची कणी आणि कोंडा टाकतात. तांदळात शंभराला सात-आठ भाग प्रथिन. वाढत्या पिलाला हवेत वीसच्या आसपास. मग पीस कशाचे होणार? पहिले आठ आठवडे पिलांचे तयार खाद्य मिळाले तर उत्तम. नाही तर मक्याची किंवा कणीची भरड ७ भाग, भुईमुगाची पेंड २ भाग आणि कुटलेली सुकट १ भाग असे वजनाने मिसळा. सुकट खारवलेली असेल तर धुऊन वाळवा, कारण जास्त मीठ पिलाला बाधते. आणि बुरशी चढलेली पेंड कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. ती विषच आहे.

आता उपटण्याकडे येऊ. कोंबड्यांत थोरला-धाकटा असा मान असतो. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली तो शास्त्रीय लेखातून मांडला. पण ती मारामारी बहुधा डोक्यावर, तुऱ्यावर होते. पाठीची आणि शेपटीची पिसे उपटणे हा रागाचा प्रकार नव्हे. कोंबडीची चोच दिवसभर उकरायला, टिपायला घडलेली आहे. उकिरडा, अंगण, गवत मिळाले की ती चोच कामात असते. पावसामुळे आठ-आठ दिवस डालग्याखाली कोंडले, की तिला काम उरत नाही. मग समोर दिसते ते दुसऱ्याचे पीस. नव्या पिसाच्या कोवळ्या खुंटात रक्त असते. एकदा ते निघाले, की लाल रंगाला भुलून सगळी पिल्लं तिथेच टोचतात. आता ध्यानात येईल, की सावकाश पिसाळणाऱ्या पिलावरच ही पाळी जास्त का येते. त्याची पाठ उघडी, कोवळे खुंट पुष्कळ दिवस उघड्यावर.

म्हणून उपाय आहे तो चोचीला काम देण्याचा. आठ आठवड्यांपर्यंतच्या दहा पिलांना निदान ४ फूट लांब, ३ फूट रुंद जागा द्या. खाली भाताच्या तुसाचा चार बोटे थर घाला. ओले झालेले तूस रोज काढा, त्यात मूठभर दाणे पसरा; पिल्लं उकरत बसतील. मेथी, राजगिरा, कोबीचा पाला यांची जुडी पिलांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. एका घमेल्यात कोरडी माती आणि चुलीची गार राख ठेवा. त्यात लोळून पिल्लं उवाही कमी करतात.

खुडूक कोंबडीखाली वाढलेली पिल्लं एकमेकांची पिसे कमी उपटतात. कारण दमलेले पिलू आईच्या पंखाखाली अंधारात झोपते, तिथे त्याला कोणी टोचत नाही. खडकीच्या शासकीय उबवणी केंद्रातून किंवा दुसरीकडून एक दिवसाची गिरिराज, वनराज पिल्लं आणलीत, तर त्यांना आई नसते. त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक खोके उपडे घालून त्याला दार पाडा आणि त्यावर गोणपाटाचा पडदा सोडा. दिवा फार झगझगीत नको. पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश सेल्सिअस ठेवा आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश उतरवत जा. गारठ्याच्या भीतीने बल्ब सतत जवळ ठेवला तर पिसे आणखी उशिरा येतात. पिल्लं दिव्यापासून पळाली तर ऊब जास्त, गोळा झाली तर कमी, एवढी खूण पुरे.

रक्त दिसले तर मात्र उशीर नको. ते पिलू लगेच वेगळे करा. जखम स्वच्छ धुऊन तिला जांभळे औषध लावा. त्याने जंतू आवरतात आणि लाल रंगही झाकतो. जखम भरून नवी पिसे झाकेपर्यंत त्याला परत सोडू नका. टोचणारे एखादेच पिलू असेल तर त्यालाही काही दिवस बाजूला ठेवा. चार-पाच परसातल्या पिलांसाठी चोची कापण्याचे कारण नाही. पिल्लं मलूल होऊन खाणे सोडू लागली, तर ते पिसांचे दुखणे नव्हे. गाठ पशुवैद्यकाची घ्या.

शिक्षकांना एक सुचवतो. शाळेजवळच्या एखाद्या घरची पाच पिल्लं मुलांना दर शनिवारी पाहू द्या. पंख किती भरला, पाठ कधी झाकली, हे वहीत लिहू द्या. दोन महिन्यांनी ती वही घरच्या बाईला वाचून दाखवावी. कोणते पिलू आजारी, कोणते नुसते सावकाश, हे तिला तिच्याच परसातून कळेल, आणि पुढच्या पावसाळ्यात निरोगी पिलू रोगी समजून विकले जाणार नाही.